सांदवाडीतलं लिंबू : पोळ्यानंतर न्हाणीचं पाणी वळवा

आपल्याकडे सांदवाडीत, म्हणजे घराच्या परसात, लिंबू हमखास न्हाणीच्या मोरीपाशी लावलेलं असतं. सांडपाणी आयतं मिळतं, वेगळं पाणी द्यायची कटकट नाही. झाड बारा महिने हिरवंगार राहतं आणि एप्रिल-मे महिन्यात, जेव्हा लिंबाची खरी गरज असते, तेव्हा त्यावर एक फळ सापडत नाही. मग खत कमी पडलं असं समजून युरिया टाकला जातो, आणि झाड आणखीच पानात जातं. बहुतेक वेळा खत कमी नसतं, पाणी जास्त असतं.

कागदी लिंबाचे बहर तीन. आंबे बहर जानेवारी-फेब्रुवारीत फुलतो आणि फळ पावसाळ्याच्या तोंडाशी हाती येतं. मृग बहराची फळं हिवाळ्यात. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये फुलतो तो हस्त बहर. फुलापासून फळ तयार व्हायला पाच-सहा महिने लागतात, म्हणजे ही लिंबं मार्च ते मे दरम्यान निघतात. अडचण एवढीच की झाड आपणहून हाच बहर सगळ्यात कमी देतं. फूल येण्याआधी झाडाला पाण्याचा ताण लागतो, म्हणजे काही आठवडे पाणी तोडावं लागतं, आणि नेमकी त्याच वेळी काळी माती चिंब असते. म्हणून काम आता आहे, पोळा ते दिवाळी.

पहिलं काम न्हाणीचं पाणी वळवायचं. मोरीपासून एक चर काढून पाणी केळीकडे किंवा अळूकडे सोडा, त्यांना ते चालतं. झाडाच्या घेराबाहेर, उताराच्या बाजूने वीत-दीड वीत खोल दुसरा चर काढा, म्हणजे पावसाचं पाणी मुळाशी थांबणार नाही. सांडपाणी बहर झाल्यावरही परत झाडाकडे आणू नका. कपडे धुण्याच्या पावडरीतला सोडा काळ्या मातीला हळूहळू चोपण करतो. माती वरून टणक, आतून चिकट होते आणि मुळं गुदमरतात.

बरड, मुरमाड जागेत पाऊस उघडल्यावर तीन-साडेतीन आठवड्यांत ताण बसतो. भारी काळ्या मातीत पाच-सहा आठवडेही लागतात. पानांकडे पाहत राहा. आधी चकाकी जाते, मग दुपारी पानं वळतात, थोडी पानगळ सुरू होते. साधारण पाव हिस्सा पानं गळाली की ताण पुरे झाला. दुपारी वळलेली पानं सकाळीही उलगडत नसतील तर झाड हद्दीपलीकडे गेलं, लगेच पाणी द्या. पाच वर्षांच्या आतलं झाड, आजारी झाड किंवा मृगाच्या फळांनी लदलेलं झाड ताणावर सोडू नये.

हस्ताचा पाऊस मध्येच येऊन ताण मोडतो, हे विदर्भात नेहमीचंच. त्यावर अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची फवारणीची शिफारस आहे : जूनमध्ये जिब्रेलिक ॲसिड ५० पीपीएम (दहा लाख भागांत ५० भाग), सप्टेंबरमध्ये झाडाची वाढ रोखणारं सायकोसिल १००० पीपीएम आणि ऑक्टोबरमध्ये पोटॅशियम नायट्रेट १ टक्का. जूनची वेळ गेली, तरी पुढची दोन करता येतात. सायकोसिल ५० टक्क्यांचं असेल तर लिटरमागे २ मिली, आणि पोटॅशियम नायट्रेट, म्हणजे दुकानातलं १३:०:४५, दहा लिटर पाण्यात १०० ग्रॅम. एका झाडासाठी बाटली आणणं परवडत नाही. गल्लीत चार घरी लिंबू असतंच, मिळून आणा.

ताण चालू असतानाच वाळलेली सल आणि खोडावर सरळ उभे वाढलेले पाणसोट काढून टाका. कलमी झाड असेल तर कलमाच्या जोडाखालून काय फुटतंय ते नीट बघा. तो फुटवा खुंटाचा, म्हणजे ज्यावर कलम बांधलं त्या झाडाचा, बहुतेक वेळा जंबेरी या जंगली लिंबाचा असतो. तो ठेवला तर दोन-तीन वर्षांत वरचं लिंबू दबतं आणि जाड सालीची, खडबडीत, कमी रसाची मोठी फळं लागतात. मग रोपवाल्यानं फसवलं अशी ओरड होते. बऱ्याचदा फुटवा आपणच वाढवलेला असतो.

आता खोड तपासा. जमिनीलगत डिंक दिसला, सालीला उभी चीर गेली असली तर तो डिंक्या. ही बुरशी ओलाव्यावर जगते. खोडाला टेकवून आळं करून त्यात पाणी भरायची सवय हेच तिचं मुख्य कारण. रोगट साल धारदार चाकूनं निरोगी भाग लागेपर्यंत खरवडा, खरवडलेली साल जाळा आणि जमिनीपासून तीन फुटांपर्यंत बोर्डोमलम लावा. एका झाडाला मोरचूद १०० ग्रॅम, कळीचा चुना १०० ग्रॅम आणि पाणी एक लिटर पुरतं. दोन्ही प्लास्टिकच्या वेगवेगळ्या भांड्यांत अर्ध्या-अर्ध्या लिटरमध्ये भिजवा, गार झाल्यावर एकत्र करा. लोखंडी भांडं नको. स्वच्छ विळ्याचं पातं मिश्रणात बुडवून पाहा. तांबूस पुट चढलं तर चुना कमी पडला, थोडा वाढवा. निरोगी झाडालाही हा मलम वर्षातून दोनदा लावावा, पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर.

आळं दुहेरी करा. आतलं कडं खोडापासून हातभर अंतरावर, तिथली माती खोडाकडे उंच; बाहेरचं कडं फांद्यांच्या घेराखाली. पाणी फक्त दोन कड्यांच्या मधे. खाणारी मुळं तिथेच असतात.

ताण बसला की ऑक्टोबरच्या मध्याला तो तोडायचा. सहा वर्षांवरच्या झाडाला उकंड्यावरचं चांगलं कुजलेलं शेणखत ४० किलो, सिंगल सुपर फॉस्फेट पावणेदोन-दोन किलो, पोटॅश अर्धा किलो आणि युरिया ६५० ग्रॅम त्या दोन कड्यांमधल्या मातीत मिसळा. तेवढाच युरिया पुन्हा फळं हरभऱ्याएवढी झाल्यावर. लहान झाडाला वयाच्या मानानं कमी. ओलं शेण घालू नका, उधई लागते. अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे खाऱ्या पाण्याच्या भागात, साध्या पोटॅशऐवजी सल्फेट ऑफ पोटॅश वापरा, कारण साध्या पोटॅशमधल्या क्लोराईडनं आधीच करपणारे पानांचे शेंडे आणखी करपतात.

पहिलं पाणी हलकं, माती ओली होण्यापुरतं. तीन-चार दिवसांनी दुसरं थोडं जास्त, आणि आठवड्याभरानं भरपूर. उत्साहानं पहिल्याच दिवशी आळं तुडुंब भरलं तर फुलांऐवजी पालवी फुटते, किंवा आलेली फुलं गळतात.

त्या कोवळ्या पालवीवर अळ्या येतात. पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी फुलपाखराची. लहान रोप दोन-तीन दिवसांत बोडकं करते. कढीपत्त्यावरही तीच असते, तिथेही बघा. घरच्या एक-दोन झाडांना फवारा कशाला, सकाळी हातानं वेचून साबणाच्या पाण्यात टाका. पानावर नागमोडी रुपेरी रेघा नागअळीच्या. तिनं केलेल्या जखमांतून खैऱ्या रोग शिरतो, पानं-फळांवर खडबडीत तपकिरी खवले येतात. अशा फांद्या कापून जाळा, कात्री दरवेळी स्पिरिटनं पुसा आणि कॉपर ऑक्सिक्लोराईड दहा लिटरला ३० ग्रॅम, पंधरा दिवसांच्या अंतरानं दोनदा फवारा. झाड फुलावर असताना मात्र नको.

सोयाबीनची मळणी झाली की कुटार, म्हणजे भुसा, येतं. सगळं ढोरांपुढे टाकू नका. चार बोटं जाडीचा थर आळ्यात पसरा, खोडापासून वीतभर सोडून. उन्हाळ्यात फळ तडकतं ते पाण्याच्या ओढाताणीनं, आठ दिवस कोरडं आणि मग एकदम भरपूर. कुटाराखाली ओल एकसारखी टिकते. पाणी द्यायचं की नाही ते थर बाजूला सारून बघा : वीतभर खोलीवरच्या मातीची मुठीत गोळी होत असेल तर अजून दोन दिवस थांबा.