वाचनाची नोंदवही कशी ठेवावी आणि पुढचे पुस्तक कसे ठरवावे

वाचलेल्या पुस्तकांची नोंद ठेवण्याचा उत्साह बहुतेकांना १ जानेवारीला किंवा १५ ऑक्टोबरच्या वाचन प्रेरणा दिनाला येतो आणि महिन्याभरात मावळतो. त्याला आळसापेक्षा वहीची आखणी अधिक कारणीभूत असते, असे माझे मत आहे. पुस्तकाचे नाव, लेखक, तारीख आणि पाचपैकी तारे एवढेच लिहिले, तर ती यादी पुन्हा उघडण्याची वेळ येत नाही, आणि जी वही उघडली जात नाही ती भरलीही जात नाही. पुढे काय वाचायचे हे ठरवताना जिचा उपयोग होतो तीच वही टिकते. म्हणून प्रत्येक रकाना आखण्यापूर्वी, पुढची निवड करताना हा रकाना पाहिला जाईल का, असे स्वतःला विचारावे.

साधी दोनशे पानी वही पुरते. शोधण्याची सोय हवी असेल तर संगणकावरची स्प्रेडशीट. रकाने असे ठेवावेत : पुस्तक, लेखक, अनुवादित असल्यास अनुवादक, प्रकाशक व आवृत्ती, पाने, पुस्तक कोठून मिळाले, कोणी सुचवले, सुरुवातीची तारीख, शेवटची तारीख किंवा सोडल्याचे पान, दोन ओळींचा अभिप्राय आणि ‘धागा’. यांपैकी ‘कोणी सुचवले’ आणि ‘धागा’ हे दोन रकाने बहुतेक वाचक गाळतात, आणि नेमके तेच सर्वांत कामाचे असतात. ‘धागा’ म्हणजे या पुस्तकातून पुढे कोठे जाता येईल त्याची नोंद : तळटीपेत आलेले एखादे पुस्तक, प्रस्तावनेत उल्लेखलेला लेखक, किंवा अर्धवट कळलेला आणि अजून खुणावणारा विषय. ही नोंद वाचता वाचताच करावी. पुस्तक संपल्यावर आठवून लिहू म्हटले की त्यातले निम्मे निसटते.

आवृत्तीचा रकाना काहींना अभ्यासकी थाटाचा वाटेल, पण मराठीत त्याची गरज वारंवार पडते. विष्णुभट गोडसे यांच्या ‘माझा प्रवास’चेच उदाहरण घ्यावे. पेणजवळच्या वरसईहून उत्तरेकडे निघालेला हा भिक्षुक १८५७च्या धामधुमीत सापडला आणि झाशीच्या वेढ्याच्या वेळी तो शहरातच होता. त्याची हकीकत चिं. वि. वैद्य यांनी १९०७ साली प्रसिद्ध केली ती मजकुरात फेरफार करून. मूळ हस्तलिखितावर आधारलेली दत्तो वामन पोतदार यांची आवृत्ती १९६६ साली आली. आज बाजारात मिळणारी प्रत यांपैकी कोणत्या पाठावर आधारलेली आहे, हे मुद्रणपृष्ठ आणि प्रस्तावना पाहिल्याशिवाय कळत नाही, आणि वहीत ते नसेल तर ‘मी हे वाचले आहे’ या वाक्याचा अर्थही पुरता ठरत नाही. याच पुस्तकासमोरच्या ‘धागा’ रकान्यात तीन नोंदी सहज होतात : गोडसे ज्यांच्या यज्ञाच्या वार्तेने निघाले त्या बायजाबाई शिंदे आणि ग्वाल्हेरचा दरबार, झाशीच्या वेढ्याचे इंग्रज बाजूने झालेले लेखन, आणि एकोणिसाव्या शतकातले बोलीला जवळचे मराठी गद्य. एका पुस्तकातून तीन वाटा फुटल्या, आणि तिन्ही ‘चांगली पुस्तके सुचवा’ या मोघम प्रश्नाच्या उत्तरापेक्षा भरवशाच्या आहेत.

लेखकाचे नाव ग्रंथालयातल्या तालिकेप्रमाणे आडनावापासून लिहावे. टोपणनावांचा निर्णय पहिल्याच दिवशी करून टाकावा. कवितासंग्रहावर कुसुमाग्रज आणि नाटकावर वि. वा. शिरवाडकर असे छापलेले असते; दोन्ही जसेच्या तसे उतरवले तर एकाच लेखकाचे वाचन दोन ठिकाणी विभागले जाते. स्प्रेडशीट वापरणाऱ्यांनी आणखी एक सांभाळावे. संगणकावर ‘ॲ’ हे अक्षर दोन वेगवेगळ्या प्रकारे टंकता येते, दिसायला ते सारखेच असते, आणि त्यामुळे शोध फसतो. ह्रस्व-दीर्घाच्या चुकांनीही तेच होते. एकदा टंकलेले नाव पुढच्या वेळी नव्याने न टंकता वरून उचलून घेणे हा यावरचा सोपा उपाय.

अर्धवट सोडलेली पुस्तके वहीतून वगळण्याचा मोह टाळावा. किंबहुना पूर्ण केलेल्या पुस्तकांपेक्षा सोडलेली पुस्तके आपल्या वाचनाविषयी अधिक सांगतात. मात्र ‘कंटाळा आला’ एवढी नोंद निरुपयोगी आहे. कोणत्या पानावर सोडले आणि कशामुळे, हे लिहावे : अनुवाद बोजड होता, टाइप बारीक होता, पहिल्या खंडाची ओळख गृहीत धरली होती, की त्या आठवड्यात घरी लग्नकार्य होते. शेवटचे कारण असेल तर पुस्तक निर्दोष आहे आणि ते पुन्हा यादीत यायला हवे.

दिवाळी अंकांची नोंद कशी करावी, हा खास मराठी वाचकाचा प्रश्न आहे. १९०९ साली का. र. मित्र यांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढल्यापासून चालत आलेली ही परंपरा वहीच्या हिशेबात नीट बसत नाही, कारण अंक सहसा कोणी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचत नाही. अंकाला एक ओळ देऊन ‘वाचला’ असे लिहिण्यात काही हशील नाही. त्यांसाठी वेगळे पान ठेवावे आणि नोंद लेखाची करावी : लेखक, शीर्षक, अंकाचे नाव व वर्ष, पान. नवा लेखक पारखण्यासाठी दिवाळी अंकाइतके स्वस्त साधन दुसरे नाही. आवडलेल्या कथेच्या लेखकाचे नाव लगेच ‘धागा’मध्ये जावे. ऐकलेली पुस्तके मात्र मुख्य यादीतच घ्यावीत, पानांऐवजी तास लिहून. ती वाचनात मोजायची की नाही या वादात वेळ घालवू नये.

गुडरीड्ससारखे ॲप वापरण्यास हरकत नाही, परंतु मराठी पुस्तकांच्या बाबतीत दोन अडचणी येतात. एकच पुस्तक देवनागरीत आणि रोमन लिपीत अशा दोन नोंदींत सापडते, आणि जुन्या किंवा छोट्या प्रकाशनांची नोंद अनेकदा नसतेच. शिवाय तिथला वार्षिक संकल्प पुस्तकांच्या संख्येवर चालतो. संख्येचे लक्ष्य ठेवले की डिसेंबरमध्ये हात आपसूक सडपातळ पुस्तकांकडे वळतो आणि सहाशे पानांचे चरित्र आणखी वर्षभर कपाटात राहते. ॲप वापरणाऱ्यांनी निदान आपली यादी अधूनमधून उतरवून घ्यावी. ती सोय गुडरीड्सच्या संकेतस्थळावर आहे.

दर तीन महिन्यांनी अर्धा तास काढून वही चाळावी. प्रथम वेग पाहावा. रोज सरासरी २० पाने होत असतील तर वर्षाची ७,३०० पाने होतात, म्हणजे अडीचशे पानांची साधारण २९ पुस्तके. घरात न वाचलेली ८० पुस्तके असतील, तर नवे एकही न आणता ती संपायला पावणेतीन वर्षे लागतील. पुस्तक प्रदर्शनाला किंवा पुण्यात पुस्तकांच्या दुकानांसाठी अप्पा बळवंत चौकात जाण्यापूर्वी हा हिशेब डोळ्यांखालून घालावा. खरेदी थांबणार नाही, पण निवड कडक होईल. मग ‘कोणी सुचवले’ हा रकाना पाहावा. वृत्तपत्रातल्या परीक्षणावरून घेतलेली किती पुस्तके पूर्ण झाली आणि ग्रंथपालांनी काढून दिलेली किती, हे शेजारी ठेवले की कोणाच्या शिफारशीवर विसंबावे ते आपोआप ठरते.

आता पुढची यादी. ‘कधीतरी वाचायचे’ अशी यादी कितीही लांब असू द्यावी, पण ‘यानंतर’ची यादी पाचांच्या पुढे जाऊ देऊ नये. या पाचांत एक मोठे आणि सावकाश वाचायचे, एक प्रवासात पिशवीत मावणारे, एक सध्याच्या धाग्यातले आणि एक आपल्या सवयीबाहेरचे असावे. पाचवी जागा मोकळी सोडावी, कारण कोणीतरी हातात पुस्तक ठेवतेच. सवयीबाहेरचे म्हणजे काय, ते वहीच सांगते. वर्षभरात एकही नाटक नसेल, किंवा सगळे अनुवाद इंग्रजीतूनच आलेले असतील आणि शेजारच्या कन्नडमधला एकही नसेल, तर ती जागा त्याची. ग्रंथालयाचे पुस्तक नेहमी क्रमात वर घ्यावे; परतीच्या तारखेइतका उत्तम नियोजक नाही.

यादीतले पुस्तक मिळत नसेल तर त्यासमोर ते कोठे शोधले तेही लिहावे, म्हणजे त्याच दुकानात पुन्हा विचारणा होत नाही. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची अनेक प्रकाशने मंडळाच्या संकेतस्थळावर विनामूल्य उपलब्ध आहेत. लेखकाच्या निधनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षांनी भारतात पुस्तक स्वामित्वहक्काबाहेर येते, त्यामुळे जुनी पुस्तके इंटरनेट अर्काइव्हवर शोधून पाहावीत. तिथे मात्र मराठी नावे रोमन लिपीत, नाना प्रकारच्या स्पेलिंगने चढवलेली असतात, म्हणून दोन-तीन स्पेलिंगे करून पाहावीत आणि ज्याने पुस्तक सापडले ते वहीत टिपावे.

वहीच्या शेवटच्या पानावर, इतरांना वाचायला दिलेल्या पुस्तकांची यादी ठेवावी : पुस्तक, कोणाकडे, कोणत्या तारखेला. ही नोंद घेणाऱ्याच्या देखत करावी. त्यात संकोच वाटण्यासारखे काही नाही, आणि पुढे मागणी करताना तारीखच बोलते.