चैत्रगौरीसाठी कलिंगडाचे कमळ

चैत्र शुद्ध तृतीयेपासून अक्षय्य तृतीयेपर्यंत गौर झोपाळ्यावर असते आणि तिच्यापुढे आंबेडाळ, पन्हे यांच्या जोडीला कातरलेले कलिंगड मांडण्याची रीत बहुतेकांना ठाऊक आहे. तेच कमळ आतून पोखरून फळांनी भरले, तर हळदीकुंकवाला आलेल्या बायकांना आरास पाहताही येते आणि खाताही येते.

कलिंगड चार किलोंच्या आसपासचे, गोल आणि शुगर बेबीसारखे गर्द हिरव्या सालीचे घ्यावे. धुऊन, पुसून, बुडाची पातळ चकती कापून ते स्थिर बसवावे. चकतीत लाल गर दिसला, तर रस झिरपून पाट ओला होतो.

खरे काम पाकळ्यांचे आहे. 'अंदाजाने नागमोडी कापत जा' हा सल्ला कृपया कोणी ऐकू नये. मी तो ऐकला होता. शेवटची पाकळी पहिलीजवळ येईपर्यंत दोघींच्या उंचीत बोटभर फरक पडला. त्यातच सुरी आखूड असल्याने गाभा कापला गेला नव्हता, हे लक्षात न घेता मी वरचा भाग ओढला आणि तीन पाकळ्या मुळापासून तुटल्या. तेव्हापासून मी मापाशिवाय सुरी लावत नाही.

वर्तमानपत्राची दोन बोटे रुंद पट्टी कलिंगडाच्या मध्यापेक्षा थोडी वर वेढून नेमकी घेराएवढी कापावी आणि चार वेळा निम्मी दुमडावी, म्हणजे 16 सारखे भाग पडतात. पट्टी पुन्हा वेढून चिकटवावी आणि घड्यांवर एकदा वरच्या, एकदा खालच्या काठाशी टाचणीने खूण करावी. भाग सम असल्याने शेवटची खूण पहिलीशी आपोआप जुळते व आठ पाकळ्या मिळतात.

आता कलिंगड ओल्या फडक्याच्या चुंबळीवर ठेवावे. सुरी अरुंद, टोकदार आणि पात्याने निदान चार इंच लांब हवी. एका खुणेपासून दुसऱ्या खुणेपर्यंत तिरका छेद घेताना सुरीचे टोक प्रत्येक वेळी फळाच्या मधल्या उभ्या अक्षाकडेच रोखलेले असावे. ते वर किंवा खाली कलले, तर शेजारचे छेद आत एकमेकांना मिळत नाहीत. हात न फिरवता कलिंगड फिरवावे. फेरा पूर्ण झाला, की वरचा भाग दोन्ही हातांनी हलकेच पिळून पाहावा. तो हलला नाही, तर ओढाताण न करता त्याच छेदांतून सुरी पुन्हा मध्यापर्यंत घालावी. दुसऱ्या फेऱ्यात तो सहसा सुटतोच.

सालीला दीड-दोन सेंटिमीटर गर ठेवून बाकीचा गोल चमच्याने काढावा आणि रिकामे कमळ अर्धा तास चाळणीवर पालथे घालावे.

भरायला खरबूज, द्राक्षे, अननस, डाळिंबाचे दाणे आणि कलिंगडाचे गोळे घ्यावेत. साखर किंवा मीठ आधी मुळीच घालू नये, फळांना पाणी सुटून सगळे कमळ तळ्यासारखे भरते. कस्टर्ड द्यायचे असल्यास वेगळ्या भांड्यात द्यावे, कारण ताज्या अननसाने दूध नासते व कडवट होते. फळे व कमळ निरनिराळी फ्रिजमध्ये ठेवून, पहिली पाहुणी आल्यावरच भरावे आणि चैत्राच्या उकाड्यात तासाभरात संपवावे.