पाणी किती वाजता भरलं? पहिल्या वर्षातच संशोधन सुरू करायचं तर

दरवर्षी नवी बॅच जरा रुळली की दोन-तीन पोट्टे प्रॅक्टिकल संपल्यावर रेंगाळतात. "मॅडम, रिसर्च करायचा आहे." कशावर? "नॅनो." नाहीतर "कॅन्सर." मी हसत नाही, कारण पहिल्या वर्षाला मला कोणी विचारलं तेव्हा मी "गंगा शुद्धीकरण" म्हणाले होते. नागपूरच्या महाल भागात राहून.

मी नागपुरात रसायनशास्त्र शिकवते, तासिका तत्त्वावर, आणि उरल्या वेळात पीएच.डी. रेटते आहे. मोठी शास्त्रज्ञ वगैरे नाही. पण सुरुवात कशी चुकते हे मला चांगलं ठाऊक आहे, कारण ती मी सगळ्या बाजूंनी चुकवून पाहिली आहे.

आधी प्रश्न. तो इतका लहान हवा की कॉलेजात आहे तेवढ्या काचसामानात, दोन आठवड्यांत, आकड्यात उत्तर येईल. आपल्याकडे मे महिन्यात घरोघरी कूलर चालतो. पाणी उडून जातं, क्षार टाकीतच राहतात, आणि जाळ्यांवर पांढरा थर चढतो. मग टाकी न बदलता रोज नुसती भरत राहिलं तर पाण्याचा कठीणपणा आठवड्यात किती चढतो? कठीणपणा मोजायचं ईडीटीएचं टायट्रेशन (रंग बदलेपर्यंत थेंबाथेंबानं द्रावण घालून किती लागलं ते मोजणं) तर तुमच्या अभ्यासक्रमातच असतं. किंवा संत्र्याचा रस काढून फ्रीजमध्ये ठेवला तर दुसऱ्या, तिसऱ्या दिवशी त्यातलं व्हिटॅमिन सी किती उरतं? आंबिया आणि मृग, दोन्ही बहारांची फळं मिळतात आपल्याला. जमलं तर दोन्ही मोजा. वनस्पतिशास्त्रवाल्यांना तर कॉलेजच्या आवारातला बहावा कोणत्या तारखेला फुलला, ही नोंदसुद्धा पुरे.

माझा पहिला प्रश्न होता: शहरातल्या दोन तळ्यांपैकी कुठल्या पाण्यात ऑक्सिजन जास्त? तळ्यांची नावं सांगत नाही, उगाच भांडणं. एक बरं दिसणारं, दुसरं हिरवंगार, काठावर वास मारणारं.

मी पाण्याच्या रिकाम्या प्लास्टिक बाटल्या घेतल्या, अर्ध्या भरल्या, अ‍ॅक्टिवाच्या डिक्कीत टाकल्या आणि खड्ड्याखड्ड्यांतून कॉलेजात आणल्या. प्रयोगशाळेत तेव्हा एक परिचर होते, आम्ही सगळे त्यांना काकाजी म्हणायचो. त्यांनी बाटली उजेडात धरली, जरा हलवली आणि म्हणाले, "पोरी, तू पाण्यातला ऑक्सिजन नाही मोजून राहिली. डिक्कीतली हवा मोजून राहिली."

मग त्यांनीच शिकवलं. जाड काचेची, घासलेल्या बुचाची ३०० मिलीलिटरची बीओडी बॉटल, पाण्यातला ऑक्सिजन मोजायची खास बाटली. ती पाण्याखाली तिरपी धरून हळू भरायची, एकही बुडबुडा अडकू द्यायचा नाही. तिथेच, काठावरच, मँगेनीज सल्फेट २ मिली आणि अल्कली-आयोडाइड-अझाइड २ मिली घालायचं, पिपेटचं टोक पाण्याच्या खाली ठेवून. बूच लावून उलटसुलट केलं की तपकिरी गाळ उतरतो. तो पांढराच राहिला तर पाण्यात ऑक्सिजन जवळजवळ नाही. याला ते 'फिक्स करणं' म्हणतात. एकदा ऑक्सिजन असा बांधला गेला की मग डिक्कीतून आणा. कॉलेजात आल्यावर तीव्र सल्फ्युरिक आम्ल २ मिली घातलं की गाळ विरघळून पिवळट-तपकिरी आयोडीन सुटतं. त्यातलं २०० मिली घेऊन थायोसल्फेटनं टायट्रेशन करायचं. स्टार्च आधीच ओतायचा नाही. रंग वाळल्या गवतासारखा फिका झाला की मगच. निळा होतो, आणि एका थेंबात नाहीसा होतो. थायोसल्फेटच्या द्रावणाची तीव्रता ०.०२५ नॉर्मल असेल तर जेवढे मिली लागले तेवढे मिलिग्रॅम ऑक्सिजन प्रति लिटर. इतका सोपा हिशेब रसायनशास्त्रात फार क्वचित मिळतो. (अझाइड विषारी असतं आणि तीव्र आम्ल डोळ्यांची गय करत नाही. म्हणून हे घरी करायचं नाही आणि काठावर एकटीनं जायचं नाही.)

सगळं नीट केलं, प्रत्येक ठिकाणी तीन-तीन बाटल्या, आणि उत्तर आलं उलटं. हिरव्या, वास मारणाऱ्या तळ्यात साडेनऊ. बऱ्या तळ्यात साडेपाच. मला वाटलं, आता पेपरात फोटो.

आम्हाला शिकवणाऱ्या मॅडमनी आकडे पाहिले आणि एवढंच विचारलं, "पाणी किती वाजता भरलं?"

वहीत वेळ नव्हती. आठवून सांगितलं: बऱ्या तळ्याला सकाळी सहाला गेले, हिरव्याला क्लास झाल्यावर, तीनच्या सुमारास. "पाण्याचं तापमान?" तेही नव्हतं. मॅडम म्हणाल्या, तीस अंशाला पाणी हवेतून साडेसाताच्या आसपासच ऑक्सिजन धरू शकतं, मग हे वरचे दोन आले कुठून? मी गप्प. उत्तर तळ्यातच होतं. तो हिरवा रंग म्हणजे शेवाळ, आणि शेवाळ दुपारच्या उन्हात ऑक्सिजन सोडतं. रात्री उजेड नसतो, तेव्हा तेच शेवाळ आणि पाण्यातले जीवाणू तो वापरून टाकतात. पहाटे त्याच तळ्यात मासे वर येऊन तोंड उघडतात. मी दोन तळ्यांची तुलना केलीच नव्हती. सकाळ आणि दुपार यांची केली होती.

पुढच्या रविवारी बाबांना घेऊन त्याच हिरव्या तळ्यावर सहा, नऊ, बारा, तीन आणि सहाला बाटल्या भरल्या. रेषा सकाळी खाली, दुपारी वर, संध्याकाळी पुन्हा उतरणारी. तो माझा पहिला आलेख, आलेख-कागदावर पेन्सिलनं काढलेला. मधल्या वेळात बाबांनी दोन प्लेट तर्री-पोहे खाल्ले आणि "एवढ्यासाठी दिवसभर?" असं तीनदा विचारलं.

म्हणून वही. प्रॅक्टिकलचं फेअर जर्नल नव्हे. त्यात टायट्रेशनचे सगळे एंड पॉइंट (रंग बदलल्याची रीडिंग) जुळलेले असतात, ते का जुळतात हे तुम्हालाही ठाऊक आहे आणि आम्हालाही. वेगळी, शिवलेली, पानांना क्रमांक घातलेली वही घ्या. पेनानं लिहा. चुकलं तर एक रेघ मारा, पान फाडू नका. तारीख, वेळ, तापमान, आभाळ कसं होतं, थायोसल्फेट कधी बनवलं, कोणी मदत केली. नको असलेलं रीडिंगही लिहा. मोबाइलवर फोटो काढाच, पण फोटो शोधता येत नाहीत, वही येते.

आता माणसं. पहिला माणूस म्हणजे तुमच्याच कॉलेजातला. "सर, प्रोजेक्ट द्या" म्हणत जाऊ नका. वही घेऊन जा आणि सांगा, "मी हे मोजलं, इथे अडकले." ज्यांच्याकडे वेळ नाही तेसुद्धा वहीवर नजर टाकतात. आणि परिचरांशी ओळख ठेवा. कुठली बाटली कुठल्या कपाटात आहे हे विभागप्रमुखांना माहीत नसतं.

वाचायचं कसं? शोधनिबंध कादंबरीसारखा पहिल्या ओळीपासून वाचू नका. सारांश, मग आकृत्या, मग पद्धत. पद्धतीत 'हे माझ्या प्रयोगशाळेत होईल का' एवढंच पाहा. प्रस्तावना शेवटी. सुरुवातीला भारतीय विज्ञान अकादमीचं 'रेझोनन्स' मासिक उघडा. १९९६ पासून निघतं, पदवीच्या मुलांसाठीच आहे आणि जुने अंक फुकट वाचायला मिळतात. सरकारी कॉलेजात असाल तर ग्रंथपालांना 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन'बद्दल विचारा. जानेवारी २०२५ पासून सरकारी संस्थांना त्यातून महागडी नियतकालिकं खुली झाली. नसेल तर लेखकाला मेल करून निबंध मागा. बहुतेक जण आनंदानं पाठवतात.

नागपूरकरांचं नशीब असं की संस्था दाराशी आहेत. १९५८ पासूनची नीरी (पर्यावरण अभियांत्रिकीची राष्ट्रीय संस्था), वर्धा रोडला कापसाची केंद्रीय संस्था, अमरावती रोडला लिंबूवर्गीय फळांची आणि मातीच्या सर्वेक्षणाची, वाडीला अ‍ॅल्युमिनियमचं संशोधन केंद्र. पण थेट गेटवर जाऊ नका. मी एका संस्थेच्या गेटवर फाइल छातीशी धरून दीड तास उभी होते. शेवटी सुरक्षारक्षकानं पाणी दिलं आणि घरी पाठवलं. आधी संस्थेच्या संकेतस्थळावर एका शास्त्रज्ञाचं काम वाचा, मग मेल करा. पन्नास जणांना एकच मेल पाठवला की तो कळतो. 'आय अ‍ॅम हार्डवर्किंग अँड पॅशनेट' हेही नको. पाच वाक्यं पुरतात: मी कोण, कुठल्या वर्षाला, तुमच्या अमुक निबंधातली अमुक आकृती मी पाहिली, मी स्वतः हे मोजलं, आलेख जोडला आहे, अमुक तारखांना मला सुटी आहे, आठवड्यातून दोन दिवस तुमच्याकडे बाटल्या धुवायचं काम मिळालं तरी येईन. दहा-बारा दिवसांनी एकदा आठवण करून द्या, मग दुसरा शास्त्रज्ञ शोधा. २६ सप्टेंबरला सीएसआयआरचा (वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचा) स्थापना दिवस असतो, २८ फेब्रुवारीला विज्ञान दिन. या दिवसांच्या आसपास बऱ्याच प्रयोगशाळा विद्यार्थ्यांना आत येऊ देतात, तेव्हा समोरासमोर बोलता येतं.

पैशांचं आईवडील विचारणारच. बारावीला बोर्डात वरच्या एक टक्क्यात असाल तर केंद्र सरकारच्या इन्स्पायर योजनेची शिष्यवृत्ती आहे, वर्षाला ८०,००० रुपये. त्यातले २०,००० उन्हाळी प्रकल्पासाठी धरलेले असतात. देशातल्या तीन विज्ञान अकादम्या मिळून उन्हाळी फेलोशिप देतात, साधारण दोन महिन्यांची; शिक्षकांचं शिफारसपत्र लागतं, म्हणून वही आधीपासून दाखवत राहा. त्या वर्षीचे नियम नीट वाचा. चौथ्या वर्षाला 'ऑनर्स विथ रिसर्च' हवं असेल तर यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२२च्या आराखड्यात पहिल्या सहा सेमिस्टरना ७५ टक्क्यांची अट आहे. थोडक्यात, तळ्याच्या नादात अंतर्गत परीक्षा बुडवू नका. मी बुडवली होती.

आणि एक मेसेज तुम्हाला येणारच: अमुक रुपये भरा, आठवड्यात आंतरराष्ट्रीय नियतकालिकात पेपर. डिलीट करा. असा पेपर पुढे मुलाखतीत कोणी उघडला तर लाज तुमचीच जाते. मला अजून येतात. गेल्या आठवड्यातलाच 'रिस्पेक्टेड प्रोफेसर' म्हणून सुरू होत होता. तासिका तत्त्वावरच्या बाईला प्रोफेसर म्हणणारे आजवर तेवढेच भेटले.