नवा सर्व्हर घेण्याआधी: नगरपरिषदेची संगणक प्रणाली वाढवताना या चुका टाळा

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात कर विभागाच्या खिडकीवर ‘सर्व्हर डाउन आहे’ असा कागद चिकटवला की रांगेचं काय होतं, ते मी बारा वर्षं पाहतोय. कुणी शेतातलं काम टाकून आलेलं असतं, कुणी अर्ध्या दिवसाची रजा काढून. महिना उलटला तर थकबाकीवर आणखी २ टक्के शास्ती चढणार, म्हणून माणसं जागची हलत नाहीत. आत लिपिक तेच बटण पुन्हापुन्हा दाबत असतो. दुसऱ्या दिवशी मुख्याधिकाऱ्यांच्या दालनात बैठक होते आणि ठरतं, नवा सर्व्हर घ्या.

मी एका नगरपरिषदेत संगणक अभियंता आहे. नवा सर्व्हर बसल्यावरही रांग तेवढीच राहिलेली मी पाहिली आहे आणि ती मला अजून टोचते. ज्या गावांत आता प्रणाली वाढवायचं घाटतंय तिथल्या सहकाऱ्यांसाठी आणि खर्चाला मंजुरी देणाऱ्या नगरसेवकांसाठी हे लिहितोय.

अडलंय कुठे ते न पाहता खरेदी

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच, म्हणून तिच्यावर जरा जास्त लिहितो.

आमच्याकडे ६४ जीबी रॅमचा, म्हणजे तेवढी चालू कामाची मेमरी असलेला, नवा सर्व्हर आला. दोन-तीन दिवस बरं वाटलं, मग पुन्हा तेच. पावती सेव्ह करताना चक्र फिरत राहायचं आणि मधूनच पावती सेव्हच व्हायची नाही. एका रात्री कार्यालय बंद झाल्यावर आम्ही दोघं सर्व्हरसमोर बसलो. ६४ जीबीपैकी जेमतेम ६ जीबी वापरात होती. नोंदींच्या फाइलमध्ये एकच ओळ पुन्हापुन्हा येत होती: डेटाबेसचा आकार १०२४० एमबीच्या परवाना मर्यादेपलीकडे जाऊ शकत नाही.

डेटाबेस, म्हणजे सगळ्या नोंदी साठवणारं सॉफ्टवेअर, होता मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरची मोफत एक्सप्रेस आवृत्ती. २०२२ पर्यंतच्या एक्सप्रेस आवृत्त्यांत एका डेटाबेसला १० जीबीची मर्यादा आहे, आणि डेटा हाताशी ठेवायला ती १४१० एमबीपेक्षा जास्त मेमरी घेतच नाही. प्रोसेसरचेही फार तर चार कोअर वापरते. म्हणजे आम्ही घेतलेल्या मेमरीतली बहुतेक पडूनच होती. हे परवान्याच्या माहितीत स्पष्ट छापलेलं असतं, खरेदीआधी आमच्यापैकी कुणी ते वाचलं नव्हतं.

मग १० जीबी भरले कशाने ते शोधलं. कराच्या नोंदी दोन जीबीसुद्धा नव्हत्या. सर्वेक्षणात काढलेले घरांचे फोटो सरळ डेटाबेसच्या तक्त्यात साठवलेले होते, आणि कोण कधी आत आलं, कोणी काय छापलं याच्या कित्येक वर्षांच्या नोंदी तिथेच पडून होत्या. फोटो फोल्डरमध्ये हलवले, डेटाबेसमध्ये फक्त त्यांचा पत्ता ठेवला, जुन्या नोंदी वेगळ्या डेटाबेसमध्ये नेल्या. एक रुपयाही खर्च न होता पावती पुन्हा लगेच निघू लागली. पुढे वाढणाऱ्या मागणीसाठी एकतर सशुल्क आवृत्ती घ्यावी लागते, नाहीतर पोस्टग्रेससारखा मोफत आणि अशी मर्यादा नसलेला डेटाबेस. ते ठरवायचं, पण हे सगळं कळल्यावर.

तुमच्याकडे प्रणाली मंद असेल तर आधी एवढं करा. मोबाइलचं घड्याळ लावून खिडकीवर एका पावतीला किती सेकंद लागतात ते गर्दीच्या दिवशी लिहून ठेवा. तीच पावती सर्व्हरच्या खोलीत बसून काढा. तिथे झटकन निघत असेल तर दोष सर्व्हरचा नाही, मधल्या वाटेचा आहे. जुना १०० एमबीपीएसचा नेटवर्क स्विच, टेबलाखाली उंदरांनी कुरतडलेली केबल, तीन खिडक्यांना मिळून एकच ओढलेली लाइन. सर्व्हरवरही वेळ लागत असेल तर अँटिव्हायरस चालू डेटाबेसच्या फाइली तपासत बसत नाही ना ते पाहा. मालमत्ता क्रमांकाने शोधल्यावर लगेच सापडतं आणि नावाने शोधल्यावर मिनिट लागतं असं असेल, तर नावाच्या रकान्यावर इंडेक्स, म्हणजे पुस्तकाच्या सूचीसारखी शोधसूची, नाही. पुरवठादाराच्या माणसाचं ते थोड्या वेळाचं काम आहे.

मराठी नावं ‘आपोआप’ बदलतील असं समजणं

जुना डेटा बहुतेक ठिकाणी श्री-लिपी, कृतिदेव किंवा डीव्हीबी-टीटी-सुरेखसारख्या फाँटमध्ये भरलेला असतो. नव्या प्रणालीला युनिकोड लागतं, म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच ठरलेला संकेतांक. पुरवठादार म्हणतो, कन्व्हर्टर आहे, एका रात्रीत होईल. होतंही. मग जूनमध्ये शाळाप्रवेशासाठी जन्मदाखला मागायला आई येते आणि बाळाच्या आडनावाच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग दिसते.

प्रश्नचिन्हं आली म्हणजे बहुधा तो रकाना युनिकोड साठवणारा नव्हता. एसक्यूएल सर्व्हरमध्ये ‘व्हारचार’ आणि ‘एनव्हारचार’ असे दोन प्रकार आहेत, मराठीसाठी सहसा दुसरा लागतो. हे नंतर रकाना बदलून सुटत नाही, कारण साठवताना गेलेली अक्षरं गेलीच. मूळ डेटा पुन्हा ओतावा लागतो. म्हणून मूळ प्रत किमान दोन वर्षं हलवू नका.

याहून फसवा दोष डोळ्यांना दिसतच नाही. ‘कुऱ्हाडे’ किंवा ‘गोऱ्हे’ यांतला ऱ्ह संगणकात दोन तऱ्हांनी लिहिला जातो: एक नुक्त्याच्या ऱ ने, दुसरा साध्या र ला हलन्त आणि न दिसणारं जोडचिन्ह लावून. पडद्यावर दोन्ही सारखेच, संगणकाला मात्र दोन वेगळी नावं. लिपिक शोधतो, ‘नोंद आढळली नाही’ येतं आणि माणसाला नोंद नसल्याचं सांगून परत पाठवलं जातं. त्याच्या आजोबांची नोंद आत असते. २०२३ च्या अखेरीस कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा जुन्या नोंदींसाठी लोक लांबून येत होते. त्या दिवसांत मला हे नीट कळलं. शिंदे आणि शिन्दे डोळ्यांना वेगळे दिसतात, पण शोधताना अडचण तीच. शोधण्याआधी दोन्ही रूपं एकाच रूपात आणणारा नियम प्रणालीत असायलाच हवा, आणि तो निविदेत लिहा.

तपासणीसाठी पहिल्या पानावरची शंभर नावं घेऊ नका. जोडाक्षरांची, ऱ्ह-ऱ्यची, ळ आणि ज्ञ असलेली दोनशे नावं निवडा, कागदावर छापा आणि जन्म-मृत्यू विभागातल्या सगळ्यात जुन्या लिपिकाला मूळ नोंदवहीशेजारी ठेवून वाचायला द्या. आमच्या मावशींनी, सगळं कार्यालय त्यांना मावशीच म्हणतं, एका दुपारी एकोणीस चुका काढल्या. कन्व्हर्टरच्या अहवालात शून्य होत्या.

हे काम आता आणखी महत्त्वाचं झालं आहे. जन्म-मृत्यू नोंदणीच्या कायद्यातली दुरुस्ती १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झाली आणि त्या दिवसापासून जन्मलेल्यांसाठी शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत जन्मतारखेचा पुरावा म्हणजे जन्मदाखलाच. एका चुकलेल्या वेलांटीपायी कुणाला हेलपाटे घालावे लागू नयेत.

कळफलक विसरणं

आमच्या बऱ्याच लिपिकांनी मराठी टंकलेखनाची परीक्षा टाइपरायटरवर दिली आहे. बोटं रेमिंग्टनच्या जागांना सरावलेली. नवी प्रणाली इनस्क्रिप्ट आणि उच्चारानुसारी एवढेच दोन कळफलक देऊन मोकळी होते आणि वीस वर्षांचा वेग एका सकाळी निम्म्यावर येतो. वरून ‘कर्मचारी बदलाला विरोध करतात’ असा शेरा. तो अन्याय आहे. युनिकोडसाठी रेमिंग्टन पद्धतीचा कळफलक मिळतो, फक्त मागावा लागतो.

१ एप्रिलला सुरुवात

नवं आर्थिक वर्ष, नवी प्रणाली. ऐकायला बरोबर वाटतं. पण ३१ मार्चच्या रात्री उशिरापर्यंत वसुली चालते, धनादेश वटायचे असतात, लेखा विभाग वर्ष मिटवण्यात गुंतलेला असतो. त्याच रात्री डेटा हलवला की कुठला आकडा खरा, यावर पुढे वर्षभर वाद. जूनही नको, दाखल्यांची गर्दी असते. निवडणुकीच्या आचारसंहितेत निविदा अडकेल हेही आधी गृहीत धरा.

माझं मत, ऑगस्ट किंवा सप्टेंबर निवडा. ज्या शुक्रवारी बंद कराल त्या दिवसाची प्रत्येक प्रभागाची थकबाकी, चालू मागणी, वसुली आणि शिल्लक कागदावर काढून कर अधीक्षकांची सही घ्या. सोमवारी नव्या प्रणालीतून तेच चार आकडे काढा. रुपयाचाही फरक असेल तर खिडकी जुन्याच प्रणालीवर उघडा.

जुनी प्रत्येक सवय नव्या प्रणालीत शिवून घेणं

ब्रिटनमधल्या बर्मिंगहॅम शहराच्या परिषदेने १९९९ पासूनची सॅप ही हिशेबाची प्रणाली सोडून एप्रिल २०२२ मध्ये ओरॅकलची प्रणाली सुरू केली. तयार प्रणाली आहे तशी वापरण्याऐवजी ती आपल्या पद्धतींप्रमाणे बदलून घेण्यावर भर दिला गेला. बँकेत आलेले पैसे कुणाच्या खात्यावर जमा करायचे हे जुळवणारा खास बनवून घेतलेला भागच नीट चालला नाही. सुमारे २ कोटी पौंडांचा अंदाज १० कोटींच्या पुढे गेला. सप्टेंबर २०२३ मध्ये परिषदेने आर्थिक कोंडीची कायदेशीर नोटीस काढली. त्यामागे समान वेतनाच्या थकीत दाव्यांचं मोठं ओझं होतं, पण या प्रणालीचा खर्चही कारणांमध्ये होता.

आपल्याकडे हेच लहान प्रमाणात होतं. ‘आमची पावती अशीच असते’ म्हणून चाळीस बदल मागितले जातात. बदल सुचवणाऱ्याला एकच विचारा, हे कायद्यात किंवा नियमांत लिहिलंय का? नसेल तर सोडून द्या.

पैसे कापले, पावती नाही

ऑनलाइन भरणा सुरू झाल्यावर पहिली तक्रार हीच येते. बऱ्याचदा पावती फक्त तेव्हाच तयार होते जेव्हा पैसे भरल्यावर फोनचा ब्राउझर आपल्या संकेतस्थळावर परत येतो. मधेच रेंज गेली किंवा फोन वाजला की तो परत येत नाही. बँकेत पैसे जमा, आपल्याकडे थकबाकी तशीच. घाबरून माणूस दुसऱ्यांदा भरतो. उपाय दोन, आणि दोन्ही हवेत: पेमेंट कंपनीच्या सर्व्हरने आपल्या सर्व्हरला थेट कळवायची सोय, आणि रोज सकाळी कालच्या जमा रकमांची यादी पावत्यांशी जुळवणं. दोनदा भरलेली रक्कम पुढच्या बिलात वळती करायची की परत द्यायची, हे सुरू करण्याआधीच ठरवून खिडकीवर लावा.

बॅकअप आहे, पण उघडून कुणी पाहिलेला नाही

दर रात्री बॅकअप होतो, हिरवी खूण येते, सगळे निश्चिंत. तो त्याच सर्व्हरच्या दुसऱ्या डिस्कवर असेल तर खंडणीचा व्हायरस दोन्ही एकदमच कुलूपबंद करतो. एक प्रत इमारतीबाहेर आणि नेटवर्कपासून तोडलेली हवी. महिन्यातून एकदा एखाद्या साध्या संगणकावर तो बॅकअप उघडा आणि कालची शेवटची पावती त्यात आहे का ते पाहा. हल्ला झालाच तर सर्ट-इनला, म्हणजे केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेला, ६ तासांत कळवणं एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार बंधनकारक आहे, आणि १८० दिवसांच्या नोंदी जपून ठेवणंही. त्या निर्देशांत घड्याळं एनआयसी (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र) किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवायलाही सांगितलं आहे. मदरबोर्डची बॅटरी संपून पावतीवर भलतीच तारीख छापली गेली तर लेखापरीक्षणात काय होतं, हे ज्यांनी भोगलंय त्यांना त्याचं मोल कळेल.

आणि एक शेवटचं, करारावर सही होण्याआधीचं. डेटाबेसचा मुख्य पासवर्ड बंद पाकिटात मुख्याधिकाऱ्यांच्या तिजोरीत असेल, डेटा नगरपरिषदेचा राहील आणि करार संपताना कुठल्या तक्त्यात काय आहे याच्या माहितीसह तो परत मिळेल, अशी ओळ त्यात घाला. आमच्याकडे एका जुन्या करारात ती नव्हती. पुरवठादार बदलताना साडेतीन महिने गेले, आणि तेवढे दिवस मावशी दाखले हाताने लिहीत होत्या.