इम्प्लांटसोबत पीआरएफ वापरताय? मशीनच्या आधी ट्यूब आणि घड्याळ बघा

गोव्यात बांबोळीच्या डेंटल कॉलेजातून बाहेर पडून नवीन क्लिनिक टाकलेली मुलं दाताचे इम्प्लांट (हाडात बसवायचे स्क्रू) सुरू केले की पहिलं विचारतात, सेंट्रिफ्यूज, म्हणजे रक्त गरगर फिरवायचं मशीन, कुठला घेऊ. अरे, मशीन नंतर. आधी सांगा, तुमच्याकडे रक्त पटकन काढणारं माणूस आहे का? पीआरएफ म्हणजे प्लेटलेट-रिच फायब्रिन, पेशंटचंच रक्त फिरवून त्यातून काढलेला क्लॉट. त्यात रक्त गोठू नये म्हणून काहीच घालत नाहीत, म्हणजे सुई शिरेत गेली की घड्याळ सुरू, आणि साधारण दीड मिनिटात ट्यूब फिरायला लागली नाही तर फायब्रिन (रक्त गोठवणारे धागे) ट्यूबभर जमेल तसं गोठतं आणि शेवटी चिमट्यात येतो तो नुसता लिबलिबीत तुकडा.

आधीच्या पीआरपीत (प्लेटलेट-रिच प्लाझ्मा) ही घाई नव्हती, कारण त्यात अँटीकोॲग्युलंट, म्हणजे रक्त गोठू न देणारं औषध असायचं, रक्त दोनदा फिरवायचं आणि मग कॅल्शियम क्लोराइड वगैरे घालून जेल करायचं. फ्रान्सच्या शूक्रून यांनी २००१ साली ही सगळी भानगडच काढून टाकली. एकदाच फिरवा, वरून काही घालू नका, झालं. छोट्या क्लिनिकला हेच परवडतं.

रक्त काढायला शेजारच्या लॅबचा टेक्निशियन बोलवा, त्यात लाज कसली. फक्त ट्यूब तुमच्या द्या, कारण तो सवयीने जांभळ्या झाकणाची काढणार आणि त्यात ईडीटीए हे गोठू न देणारं रसायन असतं, रक्त गोठणारच नाही. निळ्या झाकणाच्या सायट्रेटचंही तेच, आणि पिवळ्या झाकणाची जेलवाली तर नकोच. आपल्याला हवी १० मिलीची साधी काचेची, नाहीतर आतून सिलिकाचं कोटिंग असलेली प्लॅस्टिकची. एक ट्यूब भरली की मशीनमध्ये समोरासमोर तेवढ्याच वजनाची दुसरी ठेवा, जोडी नसेल तर पाण्याची चालते. सहा ट्यूब भरून होईपर्यंत पहिली हातात धरून बसू नका, दोन-दोन करून फिरवा.

स्पीड म्हणाल तर जुनी एल-पीआरएफ पद्धत २७०० आरपीएमवर (मिनिटाला फेरे) १२ मिनिटं, आणि नंतर आलेली ए-पीआरएफ प्लस १३०० वर ८ मिनिटं. पण हे आकडे डोळे झाकून घेऊ नका, कारण रक्तावर पडणारा जोर रोटरच्या त्रिज्येवर असतो. २७०० आरपीएमलाच ८ सेंटीमीटरच्या रोटरवर साधारण ६५० जी (गुरुत्वाकर्षणाच्या ६५० पट) पडतो आणि १२ सेंटीमीटरवर ९८० च्या आसपास. हिशोब सोपा आहे, आरपीएमचा वर्ग गुणिले सेंटीमीटरमधली त्रिज्या गुणिले ०.००००१११८. एकदा काढा आणि मशीनवर चिकटवून ठेवा. आणि मशीन इन्व्हर्टरवर घ्या, जूनच्या पावसात लाइट कधी जाईल सांगता येत नाही, मध्येच थांबलं तर ते रक्त फेकायचं आणि पेशंटला परत टोचायचं, म्हणजे त्याचा चेहरा बघायला नको.

फिरून झालं की थोडा वेळ ट्यूब उभी राहू द्या. खाली लाल, मध्ये पिवळट क्लॉट, वर पाण्यासारखा प्लाझ्मा. क्लॉट चिमट्याने उचलून लाल भाग कात्रीने काढा, पण अगदी रेषेवर कापू नका, एक-दोन मिलिमीटर लाल राहू दे, कारण प्लेटलेट आणि पांढऱ्या पेशी त्या सांध्यावरच जास्त असतात. मग पीआरएफच्या बॉक्समधल्या जाळीवर ठेवून हलक्या वजनाने दाबा, मेम्ब्रेन, म्हणजे पातळ पडदा, तयार. खाली साचलेलं पाणी टाकू नका, बोन ग्राफ्ट (हाडाच्या जागी भरायचे दाणे) भिजवायला वापरा. आणि मेम्ब्रेन उघडी सुकत ठेवू नका.

दात काढून लगेच इम्प्लांट बसवला आणि हाडाच्या बाहेरच्या भिंतीशी २ मिलिमीटरहून मोठी फट राहिली की खरा उपयोग. पीआरएफचे बारीक तुकडे बोन ग्राफ्टमध्ये मिसळा. अजून चांगलं हवं तर कोटिंग नसलेल्या प्लॅस्टिक ट्यूबमध्ये ७०० आरपीएमवर ३ मिनिटं फिरवून वरचा पिवळा द्रव सिरिंजने ओढा, हे आय-पीआरएफ, ते पातळ असतानाच त्यावर घाला. थोड्या वेळात सगळे दाणे नेवरीतल्या गूळ-खोबऱ्याच्या चुनासारखे एकमेकांना धरून बसतात आणि फटीत भरताना इकडेतिकडे पळत नाहीत.

पण मेम्ब्रेन दोनेक आठवड्यांत विरघळते, त्यामुळे हाडाची भिंतच गेली असेल तर कोलॅजन मेम्ब्रेन लागणारच, पीआरएफ तिच्या वर हिरडीच्या बाजूने. माझं स्पष्ट मत, हिरडी भरण्यात आणि दुखणं कमी होण्यात फरक चांगला दिसतो, हाडाच्या बाबतीत अभ्यासांचे निकाल मिश्र आहेत. इम्प्लांटची हाडातली सुरुवातीची पकड ड्रिलिंगनेच येते, पीआरएफने नाही. सिगारेट ओढणारा आणि एचबीए१सी (गेल्या तीनेक महिन्यांच्या साखरेचा आकडा) ९ असलेला पेशंट असेल तर आधी ते आवरा.

रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर क्लॉट नीट बनत नाही, विशेषतः वॉर्फरिनवाल्यांचा. तरी गोळी आपण बंद करायची नाही, हार्टच्या डॉक्टरला फोन करा, नाहीतर पीआरएफ सोडून द्या.

नंतर सुया पांढऱ्या डब्यात, काच निळ्यात, प्लॅस्टिकच्या ट्यूब लाल पिशवीत. पेशंटला पहिला दिवस गार पेज, जोरात चूळ नाही, आणि शक्यतो चवथीच्या तोंडावर तारीख देऊच नका, घरभर करंज्या-चकल्या असताना कोण ऐकतो. "डॉक्टर, माझंच रक्त घातलंत, मग दात लवकर बसेल ना?" हे हमखास विचारतील. सांगा की खालच्या जबड्याला तीनेक महिने, वरच्याला चार ते सहा, ते तसंच. आयएसक्यू, म्हणजे इम्प्लांट किती घट्ट बसलाय तो आकडा, मोजायचं यंत्र असेल तर ७० च्या वर आल्यावरच क्राउनचं (वरच्या कॅपचं) माप घ्या, ६० च्या खाली असेल तर थांबा.