घरात पगार एकच उरला? गृहकर्जाचा हप्ता नव्याने बसवून घेताना

दोन पगारांच्या भरवशावर घेतलेले कर्ज एका पगारातून फेडायची वेळ आली की बहुतेक घरांतून पहिला फोन जातो तो कमी व्याजाची जाहिरात करणाऱ्या बँकेला, कर्ज तिकडे हलवायला. इथेच क्रम चुकतो. तुम्ही दहा वर्षे एकही हप्ता चुकवला नसला तरी नव्या बँकेच्या लेखी तुम्ही आजच्या कमाईवर कर्ज मागायला आलेले नवे गिऱ्हाईक असता. जुन्या बँकेने पैसे आधीच दिलेले आहेत, आणि नुसता व्याजदर खाली आणायला ती सहसा पगाराची स्लिप मागत नाही. म्हणून आधी जुनी बँक, मग नवी, आणि दोन्हीकडे पहिला हप्ता चुकायच्या आत जायचे.

पायरी १ : आकडे कागदावर घ्या

बँकेच्या अ‍ॅपवरून किंवा शाखेतून तीन गोष्टी काढा: आज बाकी असलेले मुद्दल, चालू व्याजदर आणि उरलेले महिने. दर वाढत गेले तेव्हा हप्ता तोच ठेवून मुदत वाढवलेली असते, त्यामुळे उरलेले महिने पाहून अनेकांना धक्का बसतो.

समजा ३२ लाख बाकी आहेत, दर ९.२५ टक्के आणि १४ वर्षे उरली आहेत. हप्ता साधारण ३४,०३५ रुपये. आता यात काय काय हलवता येते ते पाहा:

दर ८.२५ वर आणला, मुदत तीच ठेवली : ३२,१७८
दर तोच ठेवला, मुदत २० वर्षे केली : २९,३०८
दर ८.२५ आणि मुदत २० वर्षे : २७,२६६

एक टक्का दर उतरल्याने महिन्याला जेमतेम १,८५७ रुपये सुटतात. हप्ता खऱ्या अर्थाने खाली येतो तो मुदतीमुळे, आणि त्याची किंमतही मोजावी लागते. तिसऱ्या पर्यायात एकूण व्याज आजच्यापेक्षा सव्वाआठ लाखांनी जास्त जाते. तरीही घर टिकवायचे असेल तर हा सौदा वाईट नाही, कारण फिरत्या (वेळोवेळी बदलणाऱ्या) दराच्या गृहकर्जावर वैयक्तिक कर्जदाराला मुदतपूर्व फेडीचा दंड नाही. दुसरा पगार पुन्हा सुरू झाला की दरवर्षी थोडे मुद्दल भरून मुदत पुन्हा आखडता येते.

पायरी २ : जुन्या बँकेला लेखी अर्ज द्या

१ ऑक्टोबर २०१९ पासून बँकांना नवी फिरत्या दराची गृहकर्जे रेपो दरासारख्या (रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना कर्ज देते तो) बाहेरच्या मापाशी जोडावी लागतात. तुमचे कर्ज त्याआधीचे असेल तर ते अजून एमसीएलआर किंवा बेस रेट या बँकेनेच ठरवलेल्या जुन्या मूळ दरांवर पडून असू शकते. गृहवित्त कंपन्यांना ही सक्ती नाही. त्या स्वतःचा मूळ दर ठरवतात आणि जुन्या ग्राहकाला नवा दर आपणहून देण्याची घाई करत नाहीत. मागावा लागतो.

तोंडी विचारल्यावर ‘साहेब रजेवर आहेत’ हे उत्तर ठरलेले. अर्ज द्या आणि पोच घ्या. मजकूर एवढा पुरे:

‘माझ्या गृहकर्ज खात्याचा दर सध्या अमुक टक्के आहे. नव्या ग्राहकांना चालू असलेल्या दरावर माझे खाते नेण्यासाठी रूपांतर शुल्क किती, ते लेखी कळवावे. दर बदलताना मुदत तमुक महिन्यांपर्यंत वाढवल्यास हप्ता किती होईल, तेही कळवावे.’

रूपांतर शुल्क बहुधा काही हजारांत भागते. नवी बँक, नवा वकील, नवे मूल्यांकन या खर्चापुढे ते स्वस्त.

इथे एका शब्दाशी जपून. व्याजदर बदलताना हप्ता आणि मुदत यांची फेरमांडणी करणे वेगळे आणि ‘रिस्ट्रक्चरिंग’ वेगळे. कर्जदार अडचणीत आहे म्हणून सवलत दिली अशी नोंद झाली की रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार खाते खालच्या वर्गात जाते आणि सिबिलच्या, म्हणजे कर्जफेडीचा इतिहास ठेवणाऱ्या क्रेडिट ब्युरोच्या, अहवालात ते दिसते. नंतरची काही वर्षे कर्जाची दारे अर्धी बंद होतात. सही करण्यापूर्वी सरळ विचारा: ‘हे क्रेडिट ब्युरोला रिस्ट्रक्चर्ड म्हणून कळवले जाणार का?’ उत्तर ई-मेलवर घ्या. हप्ता खरोखर झेपतच नसेल तर हाही मार्ग घ्यावा लागतो, पण तो ठाऊक असून घ्यावा.

मुदत वाढवताना वय आड येते. नोकरदाराचे कर्ज निवृत्तीच्या वयात संपावे असा बँकेचा आग्रह असतो. काही बँका ७० वर्षांपर्यंत जातात. ४८ वर्षांच्या माणसाला साठीपर्यंतच मुदत मिळणार असेल तर २० वर्षांचे गणित विसरा.

पायरी ३ : नव्या बँकेकडे जाण्याआधी पात्रता स्वतः काढा

बँका ढोबळमानाने हातात येणाऱ्या पगाराच्या निम्म्यापर्यंत सगळे हप्ते मिळून मान्य करतात. कमी पगाराला ही मर्यादा आणखी खाली असते. घरात आता ६८,००० येतात असे धरू. निम्मे म्हणजे ३४,०००. त्यात गाडीचा ९,००० चा हप्ता चालू असेल तर घरासाठी २५,००० उरले. ८.२५ टक्के आणि २० वर्षे धरल्यास लाखाला ८५२ रुपये हप्ता पडतो, म्हणजे २५,००० मध्ये सव्वाएकोणतीस लाखांच्या आसपास कर्ज बसते. तुम्हाला हवे आहेत ३२. अर्ज फेटाळला जातो आणि चौकशीची नोंद तेवढी सिबिलवर राहते.

गाडीच्या हप्त्याने इथे गृहकर्जाची साडेदहा लाखांची पात्रता अडवलेली आहे. गाडीचे दोन लाख बाकी असतील तर एखादी मुदत ठेव मोडून ते आधी फेडणे कितीतरी फायद्याचे. फेडल्याची नोंद ब्युरोत यायला काही आठवडे लागतात, म्हणून ना-देय दाखला हाताशी ठेवा. क्रेडिट कार्डावरची ईएमआय आणि फ्रिज-मोबाईलचे हप्तेही यात मोजले जातात.

एकाच आठवड्यात पाच बँकांत अर्ज टाकू नका. एजंट ‘फक्त चेक करतो’ म्हणत तुमचा पॅन सगळीकडे फिरवतो. प्रत्येक क्रेडिट ब्युरोकडून वर्षातून एक पूर्ण अहवाल फुकट मिळतो. तो स्वतः काढून वाचा.

उत्पन्न वाढवून दाखवण्याचा मोह टाळा. सुटलेल्या नोकरीच्या जुन्या स्लिपा जोडल्या तरी सहा महिन्यांच्या खातेउताऱ्यात पगार थांबलेला दिसतोच. खोटी माहिती देऊन कर्ज घेणे हा गुन्हा आहे.

उत्पन्न खरोखर वाढवायचे तर कमावता मुलगा किंवा मुलगी सहकर्जदार होऊ शकते. घराच्या सहमालकांना बँका कर्जात घेतातच, मात्र सहकर्जदाराने मालक असले पाहिजे असे नाही. तरुण सहकर्जदारामुळे काही बँका मुदतही वाढवून देतात. पण हा संपूर्ण हप्ता त्याच्या नावावर दिसेल आणि उद्या त्याला स्वतःचे घर घेताना तेवढी पात्रता घटेल. हे घरात आधी बोलून घ्या. भाड्याचे उत्पन्न असेल तर नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स करार आणि खात्यात जमा होणारे भाडे दाखवा. काही भाग धरला जातो.

घटलेले उत्पन्न कोणाच्या मृत्यूमुळे असेल, तर यातले काहीही करण्याआधी कर्जाबरोबर विमा घेतला होता का ते जुन्या मंजुरीपत्रात आणि खातेउताऱ्यात शोधा. हप्त्यात मिसळलेला विमा घरच्यांना बरेचदा माहीतच नसतो.

पायरी ४ : खर्च मांडा

३२ लाखांसाठी प्रक्रिया शुल्क पाव टक्का धरले तर ८,००० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी. महाराष्ट्रात कागदपत्रे गहाण ठेवण्यावर पाच लाखांवरील कर्जाला मुद्रांक शुल्क ०.३ टक्के, म्हणजे ९,६००. शिवाय वकिलाचा शोध अहवाल, मूल्यांकन आणि नोटीस ऑफ इंटिमेशनची (गहाणाची निबंधक कार्यालयाला द्यायची सूचना) फी. सगळे मिळून २५ ते ३० हजार सहज जातात. नुसत्या एक टक्क्यासाठी गेलात तर वर्ष-सव्वा वर्ष केवळ हा खर्च भरून निघण्यात जाते.

सोबत टॉप-अप (त्याच घरावर वाढीव कर्ज) घ्या म्हणून आग्रह होईल. उत्पन्न घटलेले असताना टॉप-अप म्हणजे घर गहाण ठेवून किराणा भरणे.

पायरी ५ : प्रत्यक्ष हस्तांतर

मंजुरीपत्र हातात आल्यावरच जुन्या बँकेकडे फोरक्लोजर लेटर (कर्ज पूर्ण बंद करायला लागणारी रक्कम सांगणारे पत्र) आणि जमा कागदपत्रांची यादी मागा. यादीत खरेदीखताची मूळ प्रत, इंडेक्स टू (खरेदीच्या नोंदणीचा उतारा), आधीच्या मालकांचे करार आणि सोसायटीचे शेअर सर्टिफिकेट आहे का ते तपासा. साखळीतला एखादा जुना करार किंवा इमारतीचे भोगवटा प्रमाणपत्र नसेल तर नव्या बँकेचा वकील तिथेच अडतो. सोसायटीचा ना-हरकत दाखलाही याच आठवड्यात मागून ठेवा. सचिव गावाला गेले म्हणून रखडलेल्या फायली कमी नाहीत.

फोरक्लोजर लेटरवर तारीख असते. आपल्या उदाहरणात दिवसाला ८११ रुपये व्याज चढते. चेक पाच दिवस उशिरा पोचला तर चार हजार कमी पडतात आणि तेवढ्यासाठी खाते बंद होत नाही. म्हणून रक्कम चेक जमा होण्याच्या दिवसापर्यंतची काढून घ्या, आणि हप्ता कापला जाण्याच्या तारखेच्या आगेमागे चेक देऊ नका. जुना हप्ता कापला जाईल एवढी शिल्लक मात्र शेवटपर्यंत ठेवा. ‘आता तर कर्ज जाणारच आहे’ म्हणून सोडलेला एक हप्ता बाउन्स झाला की नवी मंजुरी थांबू शकते.

कर्ज पूर्ण फिटल्यावर जुन्या बँकेने मूळ कागदपत्रे ३० दिवसांत परत द्यायची आहेत. तिच्या चुकीने उशीर झाल्यास दिवसाला ५,००० रुपये भरपाई आहे. ना-देय दाखला घ्या, जुने एनएसीएच (खात्यातून हप्ता आपोआप कापण्याची परवानगी) रद्द करा, सरसाई या गहाणांच्या केंद्रीय नोंदवहीवरचा जुना बोजा उतरल्याची खात्री करा. नव्या गहाणाची नोटीस ऑफ इंटिमेशन ३० दिवसांत दाखल व्हावी लागते.

हप्ता आधीच चुकला असेल तर

थकबाकी ९० दिवसांच्या पुढे गेली की खाते एनपीए (थकीत कर्ज) होते आणि कोणतीही नवी बँक फाईल उघडत नाही. मग सरफेसी कायद्याच्या (कोर्टात न जाता गहाण घर ताब्यात घेण्याची मुभा बँकेला देणारा) कलम १३(२) ची ६० दिवसांची नोटीस येऊ शकते. तिला लेखी हरकत घेता येते आणि बँकेने त्यावर १५ दिवसांत उत्तर द्यायचे असते. त्यानंतर बँकेने ताब्याची कारवाई केली तर ४५ दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणात जाता येते. नोटीस कपाटात ठेवून हे दिवस घालवू नका. आणि २० वर्षांच्या मुदतीवरही हप्ता झेपत नसेल, तर ९० दिवस उलटायच्या आत बँकेला कळवून घर स्वतः विका. लिलावात मिळणारा भाव आणि तुम्ही आणलेल्या गिऱ्हाइकाचा भाव यांत मोठे अंतर पडते.