कित्तूरच्या साहेबांची आडनावं: इंग्रजी आडनावाचं मूळ कसं शोधायचं

राणी चन्नम्माचा धडा आला की वर्गात एक प्रश्न ठरलेला असतो: "टीचर, हा थॅकरे म्हणजे ठाकरेच की?" प्रश्न चांगला आहे, म्हणूनच त्याचं उत्तर अंदाजानं देऊ नये. इंग्रजी आडनावाचं मूळ शोधायची एक रीत आहे आणि ती आता फोनवरसुद्धा जमते. मी खानापूर तालुक्यातल्या मराठी हायस्कुलात इंग्रजी शिकवते. ऑक्टोबरात कित्तूर उत्सवाच्या सुमारास मुलं प्रकल्प लिहायला घेतात, तेव्हा आम्ही कित्तूरच्या साहेबांपासूनच सुरुवात करतो. राणी चन्नम्मा आणि ईस्ट इंडिया कंपनी यांच्यातल्या २३ ऑक्टोबर १८२४ च्या लढाईच्या हकिकतीत जी आडनावं येतात, त्यांतून बरंच शिकता येतं.

पहिलं काम स्पेलिंगचं. इंग्रजी आडनाव देवनागरीत लिहिलं की निम्मी माहिती पुसली जाते. धारवाडचा कलेक्टर थॅकरे लढाईत पडला आणि त्याचे दोन सहायक कित्तूरकरांच्या हाती लागले. त्यांतला एक वॉल्टर इलियट. मराठीत इलियट एकच, इंग्रजीत मात्र त्याची चार रूपं. या घराण्यांबद्दल एक जुनं कवन आहे. एल दोन आणि टी एक असेल तर माणूस मिंटो किंवा वुल्फलीचा. टी दोन आणि एल एक असेल तर स्टॉब्सचा. दोन्ही एकेक असतील तर सेंट जर्मन्सचा. आणि दोन्ही दोन-दोन असतील तर तो कुठला, ते कुणालाच ठाऊक नाही! आपला वॉल्टर वुल्फलीचा, म्हणजे दोन एल आणि एक टी. वुल्फलीची ही मंडळी इंग्लंड आणि स्कॉटलंडच्या सीमेवरची, हे कळल्यावर आमच्या मुलांना त्यांच्याबद्दल एकदम आपुलकी वाटते. पुढे याच वॉल्टरनं कानडी मुलखातल्या शिलालेखांच्या नकला गोळा केल्या. तेव्हा मराठी पुस्तकातलं किंवा फलकावरचं नाव घेऊन शोधायला बसू नका. मूळ इंग्रजी अक्षरं एकेक करून उतरवून घ्या, आणि सापडतील तेवढी दुसरी रूपंही शेजारी लिहा.

मग आडनाव कुठल्या प्रकारचं ते ठरवायचं. इंग्रजी आडनावं बहुतेक चार वाटांनी आली: राहत्या जागेवरून, बापाच्या नावावरून, धंद्या-पदावरून आणि टोपणनावावरून. थॅकरेचा दुसरा सहायक स्टीव्हनसन, म्हणजे स्टीव्हनचा मुलगा. शेवटी 'सन' असलेली आडनावं उत्तर इंग्लंडात आणि स्कॉटलंडात जास्त. इलियटही बहुधा नावावरूनच आलेलं. इलायस या नावाचं लाडकं रूप. डिसेंबरातल्या दुसऱ्या चढाईच्या वेळचा कमिशनर चॅप्लिन. हे आडनाव चर्चमधल्या पदाचं, पण ते ज्याला पहिल्यांदा चिकटलं तो स्वतः पाद्री असेलच असं नाही, पाद्र्याच्या घरचा चाकरही असेल. लढाईत मेलेला कॅप्टन ब्लॅक टोपणनावाच्या वाटेचा. इथं मात्र जपून. जुन्या इंग्रजीत काळ्यासाठीचा शब्द आणि फिकट, पांढुरक्यासाठीचा शब्द इतके जवळचे होते की पुढं दोन्ही एकमेकांत मिसळले. त्यामुळं पहिला ब्लॅक काळ्याभोर केसांचा असेल, नाहीतर अगदी फिकट वर्णाचा. आजची डिक्शनरी उघडून आडनावाचा अर्थ लावायचा नाही, तो यासाठीच.

धंद्याच्या आडनावांवर मी वर्गात जास्त वेळ घालवते, कारण त्यातून मुलूखही कळतो. लोकरीचं कापड विणून झालं की ते ओलं करून तुडवावं लागे, तेव्हा ते घट्ट बसे. हे काम करणारा उत्तरेत वॉकर, आग्नेय इंग्लंडात फुलर आणि नैऋत्येला टकर. वॉकरचा संबंध फिरायला जाण्याशी नाही, कापड तुडवण्याशी आहे. विणकराचंही तसंच: दक्षिणेत वेब आणि वेबर, उत्तरेत वेबस्टर. आमच्या वर्गात लोहार आणि कम्मार शेजारी-शेजारी बसतात. एकाच भात्यावरचं काम, एक आडनाव मराठी, एक कानडी. त्यामुळं हा मुद्दा शहापूर-वडगावच्या विणकरांच्या मुलांनाच काय, सगळ्यांनाच चटकन समजतो.

आता थॅकरे. हे जागेचं आडनाव, यॉर्कशरमधलं. व्हायकिंग लोक तिथं येऊन वसले, त्यांच्या भाषेतले दोन शब्द यात आहेत: एक छप्पर शाकारायच्या गवताचा किंवा लव्हाळ्याचा आणि दुसरा कोपऱ्याचा. शाकारणीचं गवत जिथं उगवतं तो कोपरा, एवढाच अर्थ. थॅकरा, थॅक्री अशी बरीच रूपं त्यातून निघाली. असा अर्थ पक्का करायचा तर जुन्या नोंदीपर्यंत मागं जावं लागतं. इंग्लंडात १०६६ च्या नॉर्मन स्वारीनंतर आडनावं हळूहळू रुजली आणि १४०० च्या आसपास बहुतेक घरांत पिढीजात झाली. त्या काळासाठी १३७७, १३७९ आणि १३८१ च्या डोईपट्टीच्या, म्हणजे माणशी कराच्या, याद्या कामाच्या. १५३८ पासून चर्चनं बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची नोंद ठेवायची असा हुकूम निघाला. त्यापुढचा माग या वह्यांतून काढता येतो. याद्या स्वतः वाचणं अवघड आहे. ऑक्सफर्डनं २०१६ साली ब्रिटन-आयर्लंडच्या आडनावांचा चार खंडांचा कोश काढला, त्यात अशा जुन्या नोंदी सालासकट दिल्या आहेत. मोठ्या ग्रंथालयात त्याची चौकशी करा. ज्या कोशात साल आणि गाव नाही, नुसता अर्थ आहे, त्यावर मी विसंबत नाही.

मुलांच्या प्रश्नाचं उत्तरही इथंच मिळतं. कित्तूरला पडलेला सेंट जॉन थॅकरे हा कादंबरीकार विल्यम मेकपीस थॅकरेचा चुलता. हा पुतण्या १८११ साली कलकत्त्यात जन्मला. प्रबोधनकार ठाकऱ्यांनी या लेखकावरच्या प्रेमापोटी इंग्रजीत आपलं आडनाव तसं लिहायला सुरुवात केली असं सांगतात. म्हणजे स्पेलिंग एक, घराणी दोन. एकाचं मूळ यॉर्कशरच्या गवतात, दुसऱ्याचं आपल्या मातीत.

आडनाव किती लोकांचं आहे हेही बघायचं, पण दोन काळांत. फॅमिलीसर्च या वंशावळीच्या वेबसाइटवर खातं उघडलं की इंग्लंडची १८८१ ची जनगणना फुकट शोधता येते. कुठल्या परगण्यात ते आडनाव दाट आहे ते पाहा. लोक रेल्वेनं आणि गिरण्यांमुळं हलले असले तरी बरीच आडनावं तेव्हाही मूळ मुलखाभोवतीच होती. मग अलीकडचा आकडा. अमेरिकेच्या २०१० च्या जनगणनेत स्मिथ २४,४२,९७७ आणि जॉन्सन १९,३२,८१२. पण त्यातले सगळे जॉन्सन इंग्लंडातून गेलेले नाहीत. स्वीडनच्या कित्येक योहानसनांनी तिकडं गेल्यावर जॉन्सन लिहायला सुरुवात केली. आकडा मोठा म्हणून मूळ एक, असं धरू नका.

शोधताना आडनावाचं राजचिन्ह (कोट ऑफ आर्म्स, ढालीवरचं चिन्ह) विकणाऱ्या जाहिराती येतील. पैसे देऊ नका. इंग्लंडात राजचिन्ह माणसाला आणि त्याच्या वारसांना मिळतं, आडनावाला नाही.

सरावासाठी फ्लीट घ्या. जॉन फेथफुल फ्लीटनं आपल्या भागातल्या कदंब, चालुक्य, रट्ट घराण्यांचे ताम्रपट आणि शिलालेख वाचले, त्यामुळं त्याचं नाव इथं कुठल्याही इतिहासाच्या पुस्तकात भेटतं. जहाजांचा ताफा हा अर्थ बाजूला ठेवा. जुन्या इंग्रजीत तो शब्द ओढ्याचा, खाडीचा. आणि फ्लीट नावाची ठिकाणं डॉर्सेट, हॅम्पशर आणि लिंकनशर या तिन्हीकडं आहेत. १८८१ ची नोंद उघडा, आडनाव कुठं दाट आहे ते मोजा आणि मग ठरवा.